उसना हात

अनुभव हा लोकशाहीचा कणा आहे, आणि कण्यावाचून कोणतंही राष्ट्र ताठ उभं राहू शकत नाही. हे वाक्य थोरल्यांच्या दिवाणखान्यात संगमरवरावर सोनेरी अक्षरांत कोरून लावलेलं होतं. त्या सोमवारी सकाळी लोकशाहीचा तो कणा बरोब्बर त्या वाक्याखाली खुर्चीत वाकून बसला होता आणि डावा बूट उजव्या पायात का शिरत नाही, याचा विचार करत होता.

"बाबा, तो त्या पायाचा," ताई म्हणाली.

थोरल्यांनी बूट न्याहाळला, मग पाय न्याहाळला. सूचना विचार करण्याजोगी वाटली असावी, कारण त्यांनी बूट मुलीच्या हाती दिला आणि म्हणाले, "बरं."

"बरं" हा त्यांच्याजवळ उरलेल्या मोजक्या शब्दांपैकी एक. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला. जाताना त्याने आयुष्यभराची भाषणं नेली, माणसांची नावं नेली, आणि मागे "बरं", "चहा" आणि "झालं का?" एवढं ठेवलं. सभागृहाचं कामकाज एवढ्या शब्दांत उत्तम चालतं, हे पुढे सिद्ध झालं.

थोरले म्हणजे गावाचे आमदार. किती वर्षं, ते गावातल्या कुणालाच नीट सांगता येत नसे, कारण ज्यांनी त्यांना पहिल्यांदा निवडून दिलं ते मतदार आता मतदारयादीच्या पलीकडे गेले होते. थोरल्यांना मत देणं हे गावात दात घासण्यासारखं होतं. कुणी कारण विचारत नसे, आणि कुणी दिलं नाही तर त्याच्याकडे लोक नाक मुरडून बघत.

यामागे भक्ती होती म्हणावं तर तसंही नाही. यामागे होता तो सभागृहाचा एक नियम. विकासनिधी वाटणाऱ्या समितीची खुर्ची, खंड न पडता सर्वांत जुना असेल त्या सभासदाची. जुन्यांनी आधी वाढून घ्यायचं, नव्यांनी भांडं खरवडायचं. पण एखादं अधिवेशन सबंध गैरहजर राहिलात, की ज्येष्ठता मोडली. पुन्हा शेवटच्या बाकापासून सुरुवात. म्हणून गावाला थोरल्यांचे विचार ठाऊक नव्हते, पण त्यांचं पोट आज साफ झालं की नाही हे भाजीवाल्या मावशींपासून बँकेच्या व्यवस्थापकापर्यंत सगळ्यांना ठाऊक असे. थोरल्यांची तब्येत ही गावाची सार्वजनिक मालमत्ता होती. फक्त तिच्यावर तशी पाटी लावलेली नव्हती.

त्या ज्येष्ठतेच्या जोरावर गावाला दोन पूल मिळाले होते. पहिला नदी ओलांडायला. दुसरा, पहिल्याची डागडुजी चालू असताना अडचण नको म्हणून. आता तिसऱ्याचं घाटत होतं. तो कशासाठी, असं ताईने धाकट्याला, म्हणजे तिच्या भावाला, एकदा विचारलं होतं. धाकट्याचा सिमेंटच्या नळ्यांचा कारखाना होता.

"अगं, त्याच्यावरनं बाकीचे दोन काय दिसतील!" तो म्हणाला होता. तो थट्टा करत नव्हता.

बुटांच्या नाड्या बांधून होतात न होतात तोच दारावरची घंटा वाजली. दारात एक तरुण माणूस उभा होता. सदरा कडक इस्त्रीचा, चेहरा मात्र चुरगळलेला. हा पहिल्यांदाच निवडून आलेला, डोंगरापलीकडच्या भागाचा सभासद. सभागृहात त्याला सगळे नवखा म्हणत. त्याच्यामागे पांढऱ्या गणवेशावर स्वेटर घातलेली, मध्यम वयाची, रुंद खांद्यांची बाई होती. ती तिकडच्या छोट्या दवाखान्याची सिस्टर.

"थोरल्यांना दोन मिनिटं भेटायचं होतं," नवखा म्हणाला.

"त्यांना भेटता येईल," ताई म्हणाली, "पण त्यांच्याशी बोलता येणार नाही. आत या. चहा घेणार?"

"चहा," थोरले आतून म्हणाले.

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून नवख्याने गाऱ्हाणं मांडलं. या अधिवेशनात एक विधेयक येतंय. जिथे रोगी कमी, ते दवाखाने बंद करून मोठ्या इस्पितळांत विलीन करायचे. त्याच्या भागातला एकुलता एक दवाखाना त्यात जाणार.

"मग सभागृहात बोला ना तुम्ही," ताई म्हणाली.

"बोललो. मी बोलायला उभा राहिलो की सगळे जेवायला जातात." त्याने कपातल्या चहात पाहिलं. "तिथे बोलून काही होत नाही, ताई. तिथे हात उसने मिळतात. तुम्ही आमच्या पुलाला हात वर करा, आम्ही तुमच्या कालव्याला करतो. ज्याचं वजन जास्त, त्याच्या हाताला भाव जास्त. माझ्या हाताला कोण विचारतो? गेल्या वर्षी वाटपात माझ्या भागाला काय आलं माहितेय? एक बाक. बागेतला."

"बरं आहे की. लोक बसतील."

"बाग नाहीये."

ताईला हसू आलं, आणि आल्याबरोबर तिला त्याची लाजही वाटली.

"थोरल्यांचा हात आम्हाला उसना द्या," नवखा म्हणाला. "ते नुसते गप्प बसले तरी त्यांचं बघून आणखी चौघं बसतील. मी फेडीन. पंधरा-वीस वर्षांत मीसुद्धा ज्येष्ठ होईन."

"अहो, पण बाबा आता काही ठरवतच नाहीत. त्यांना कळत नाही. ते जातात, खुर्चीत बसतात, परत येतात. हजेरी लागते, एवढंच."

कप खाली ठेवत सिस्टर म्हणाली, "आमच्याकडे रोगी कमी आहेत, कारण माणसं कमी आहेत. पण बाळंतपणं काय माणसं मोजून थोडीच अडतात? मोठ्या इस्पितळाचा रस्ता म्हणजे नुसती वळणं. तुमच्या वडिलांना एवढं सांगून बघा, बाई. कळलं नाही तर नाही."

ताईने सांगून बघितलं. थोरल्यांनी मान तिरकी करून ऐकलं, सिस्टरकडे पाहिलं, आणि म्हणाले, "झालं का?"

तेवढ्यात बाहेर मोटार लागली आणि टेकू आत आला. टेकू म्हणजे थोरल्यांचा सचिव. पडायला आलेल्या भिंतीला लाकूड लावतात, तसा तो दोन वर्षं थोरल्यांना लागलेला होता. म्हणून हे नाव. माणूस तोंडाचा गोड, चालीचा हलका, आणि ताईशी वागायला इतका अदबशीर की तिला कधी कधी आपण आजारी आहोत असं वाटे. त्याने नवख्याकडे बघून स्मित केलं, थोरल्यांच्या काखेत हात घातला आणि त्यांना मोटारीकडे नेलं. जाता जाता म्हणाला, "ताई, व्यायाम चुकवणार नाही हं. काळजी नसावी."

ती हसली. तिला खरंच काळजी नव्हती.

हा व्यायाम म्हणजे ताईच्या आयुष्यातली सर्वांत मोठी कमाई. ती गावच्या इस्पितळात मोडलेल्या, गोठलेल्या, लुळ्या पडलेल्या अवयवांना व्यायाम शिकवत असे. झटक्यानंतर थोरल्यांचा उजवा हात ओल्या टॉवेलासारखा लोंबत होता. डॉक्टर म्हणाले, आता एवढंच. ताई म्हणाली, बघू. रोज सकाळी ती त्यांना दिवाणखान्यातल्या भिंतीशी उभं करी. त्यांची बोटं भिंतीला लावी, कोपराला खालून दोनदा हलकेच टिचकी मारी आणि म्हणे, "वर, बाबा." बोटं मुंगीसारखी भिंत चढू लागत. वर पोचली की ती "शाब्बास" म्हणे, मग "खाली" म्हणे. "खाली" म्हटल्याशिवाय थोरले हात खाली घेत नसत. जन्मभर अध्यक्षांच्या परवानगीने उठबस केलेला माणूस तो.

महिने गेले. बोटं आधी खुर्चीच्या पाठीएवढी चढली, मग खिडकीच्या कठड्यापर्यंत, आणि एके दिवशी थेट संगमरवरातल्या "लोकशाही"ला जाऊन टेकली. पुढे भिंतही लागेनाशी झाली. कोपराला दोन टिचक्या मारल्या की हात आपला आपण वर. त्या दिवशी गावात पेढे वाटायचेच काय ते राहिले. बाबांना एक वाक्य बोलता येत नव्हतं, ताईचं नावसुद्धा येत नव्हतं, त्याबद्दल कुणी हळहळलं नाही. हाताबद्दल मात्र बँकेच्या व्यवस्थापकाने तिचा हात हातात घेऊन आभार मानले. लोक किती माया करतात बाबांवर, असं ताईला वाटलं होतं.

टेकूनेही तेव्हाच विनवलं होतं. "ताई, अधिवेशनाला तिकडे आठवडा आठवडा राहणं होतं. मला शिकवा ना, हात वर कसा करायचा ते. व्यायामात खंड नको." तिने कौतुकाने शिकवलं. टिचकी कुठे, किती जोरात, मनगटाखाली आधार कसा. टेकू हुशार. एका सकाळीत शिकला.

विधेयक आलं ते गुरुवारी. इस्पितळाच्या प्रतीक्षागृहात भिंतीवर एक टीव्ही होता. एरवी त्यावर कुणी तरी काही तरी तळत असे. त्या दिवशी गावचा पूल ठरायचा म्हणून कुणीतरी सभागृहाचं प्रक्षेपण लावलेलं. प्लास्टरमधले पाय, झोळीतले हात, कुबड्या असे सगळे मान वर करून बसले होते. ताई एका म्हाताऱ्याला गुडघा वाकवायला शिकवून बाहेर आली, तर भाजीवाल्या मावशी ओरडल्या, "ताई, ये ये, थोरले दिसतायत! मेला तो कॅमेरा त्यांच्यावरच आहे!"

पहिल्या रांगेतल्या पहिल्या खुर्चीत बाबा बसलेले होते. कोट नीट होता. केस टेकूने विंचरलेले असावेत, भांग उलट्या बाजूला पडला होता. टेकू मागच्या सचिवांच्या बाकावर, किंचित पुढे झुकून. अध्यक्षांनी काही तरी वाचलं. दवाखाने हा शब्द तिला ऐकू आला. मग, "अनुकूल असणाऱ्यांनी हात वर करावेत."

टेकूची दोन बोटं पुढे आली. कोपराच्या खाली, आतल्या बाजूला, जिथे ती मारत असे नेमक्या त्या जागी, त्यांनी दोन टिचक्या मारल्या.

बाबांचा हात वर गेला. सरळ गेला नाही. बोटं एकामागून एक हलत, समोर भिंत असल्यासारखी, मुंगीच्या चालीने वर चढत गेली. आणि वर पोचल्यावर बाबांनी मान वळवून मागे पाहिलं. कुणी "शाब्बास" म्हणतंय का, ते.

त्यांचा हात पाहून मागच्या रांगांतले हात उठले. विधेयक काठावर का होईना, पार झालं. मागोमाग निधीवाटप. तिसरा पूल मंजूर. त्यालाही हात उठले, फेडीचे.

प्रतीक्षागृहात टाळ्या झाल्या. ज्यांचा एकच हात मोकळा होता त्यांनी मांडीवर थापट्या मारल्या. "हात बघितलात का थोरल्यांचा? तरण्याला लाजवेल!" कुणी म्हणालं. मावशींनी ताईच्या पाठीवर थाप मारली. "तुझी करामत गं ही, तायडे! तुझाच हात म्हणायचा तो!"

ताई आत गेली आणि म्हाताऱ्याचा दुसरा गुडघा वाकवू लागली. तो दुखरा नव्हता. म्हाताऱ्याने बरंच सहन करून मग तसं सांगितलं.

रविवारी धाकटा मिठाईचा खोका घेऊन आला.

"तुला माहीत होतं?" ताईने विचारलं.

"काय?"

"टेकू कोपराला टिचकी मारतो ते."

धाकट्याने खोक्याची दोरी सोडायला घेतली. ती सुटत नव्हती, आणि त्यालाही ती सुटायला नकोच होती. "अगं, सगळेच मारतात. कुणी टिचकी मारतं, कुणी चिठ्ठी देतं, कुणी डोळा घालतं. पूर्वी बाबा शुद्धीत असतानासुद्धा हेच होतं. तेव्हा पक्षाचा माणूस खाकरायचा."

"तेव्हा त्यांना नाही म्हणता यायचं."

"यायचं. पण म्हणाले का कधी? तूच सांग."

ताईला ते झोंबलं, कारण ते खरं होतं. 

"तायडे, ऐक," धाकटा मऊ आवाजात म्हणाला. "बाबा गेले किंवा घरी बसले, तर उद्या आपला कुणी तरी नवा पोरगा तिथे जाईल आणि शेवटच्या बाकावर बसेल. मग आपल्यालाही एक बाक येईल, बागेतला. माझ्याकडे शंभर माणसं कामाला आहेत. त्यांच्या पोरांना काय तुझी तत्त्वं वाढायची ताटात?"

"आणि त्या दवाखान्याचं?"

"त्यांनी जुना माणूस निवडून द्यावा. आपण दिलाच ना?"

दोरी अखेर सुटली. थोरल्यांनी मिठाईचा तुकडा उचलला, उजव्याच हाताने, आणि सगळी बोटं चाटली. "चहा," ते म्हणाले.

उघड भांडण ताईच्या स्वभावात नव्हतं. तिने दुसरी वाट काढली. हात म्हणजे बिजागर. तेल घालणं थांबवलं की महिना-दीड महिन्यात गंजतं. कुणाला काही बोलायला नको, कुणाचं मन मोडायला नको. एके दिवशी टिचकी मारतील आणि हात उठणार नाही, बस्स. ज्या हाताने दिलं त्याच हाताने ती परत घेणार होती. फक्त या वेळी तिला काहीच करायचं नव्हतं, आणि काहीच न करणं हे जगातलं सर्वांत सोपं काम, असं तिला वाटत होतं.

पहिल्या सकाळी ती स्वयंपाकघरातच रेंगाळली. भांडी घासून झाली, पुन्हा घासून झाली. दुसऱ्या सकाळीही तेच. तिसऱ्या सकाळी दिवाणखान्यातून भिंतीवर काही तरी घासल्याचा आवाज आला. तिने डोकावून पाहिलं. बाबा एकटेच भिंतीशी उभे होते. शर्टाची बटणं खालीवर लागलेली. डाव्या हाताची दोन बोटं त्यांनी स्वतःच्याच उजव्या कोपराखाली नेली, टिचकी मारायला गेले, चुकले, पुन्हा मारली. उजवा हात भिंत चढू लागला. वर पोचला. आणि मग त्यांनी दाराकडे मान वळवली आणि वाट पाहत राहिले.

पक्ष, पूल, समिती, लोकशाही, सगळं त्यांच्या डोक्यातून पुसून गेलं होतं. रोज सकाळी ही बाई येते आणि "शाब्बास" म्हणते, एवढं राहिलं होतं. ती आपली मुलगी आहे, हेही नसेल राहिलं.

 ताई पदराला हात पुसत पुढे आली. "शाब्बास, बाबा," ती म्हणाली. "खाली."

हात गंजवणं तिच्याच्याने होणार नव्हतं. तिने स्वतःची समजूत घातली की पुढचं अधिवेशन लांब आहे, तोवर काही तरी सुचेल. चांगल्या माणसांना नेहमी असं वाटतं. वाईट गोष्टी त्या मधल्या काळातच होतात.

डोंगरावर बर्फ पडायला लागलं होतं तेव्हा एक दिवस तिच्या खोलीत नवा रोगी आला. उजवा खांदा जायबंदी, हाड जुळलं होतं, पण हात छातीच्या वर उठत नव्हता. रुंद खांद्यांची बाई. स्वेटर तोच.

"ओळखलंत का?" सिस्टर म्हणाली. "तुमच्या चहाचं देणं आहे माझ्यावर."

"काय झालं हे?"

"आधी बसू दे. लांबून आले." ती बसली. "पूल मात्र झकास आहेत हो तुमच्याकडे. दोन्हीवरनं आले. तिसऱ्याचं काम चाललंय म्हणून एकावरनं जाऊन दुसऱ्यावरनं परत यावं लागलं."

ती हसली. ताईला हसता आलं नाही. तिने खांद्यावर शेक द्यायला घेतला, आणि सिस्टर भिंतीकडे बघत सांगू लागली. आवाजात रडणं नव्हतं. हवापाण्याबद्दल बोलावं तसं.

"दवाखान्याला कुलूप लागलं, त्यानंतरची गोष्ट. आमच्याकडे एक पाव भाजणारी पोर होती. पहिलटकरीण. तिला घेऊन निघाले मोठ्या इस्पितळात. भाड्याची गाडी. वळणावर घसरली, कडेच्या खड्ड्यात. मेलं कुणी नाही त्यात. फक्त माझा खांदा गेला. पण गाडी काही निघेना, आणि बाळाला काय, घाई. तिथेच, गाडीत... बाळ आलं. मग तिचं रक्त थांबेना. अशा वेळी काय करायचं ते मला येतं हो. किती वेळा केलंय. पण त्याला दोन हात लागतात. पोटावर एक, आणि एक..." तिने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. "एका हाताने जमेल तेवढं केलं."

ताईने शेकाचं यंत्र बंद केलं.

"बाळ?" ताईने विचारलं.

"आहे. गुटगुटीत आहे. रडतो मात्र अध्यक्ष असल्यासारखा." सिस्टरने डोळे टिपले, डाव्या हाताने. "तो बिचारा नवखा गाडी धाडतो म्हणाला होता. कुणाची उसनी घेऊन. त्यालाही मिळाली नाही. चला, करा काय करायचं ते. मला हा हात परत हवाय. आता आमच्याकडे हातच आहेत, दवाखाना नाही."

ताईने तिला भिंतीशी उभं केलं. बोटं भिंतीला लावली. स्वतःची दोन बोटं तिच्या कोपराखाली नेली, आणि ती तिथेच थांबली. टिचकी काही मारली नाही. सिस्टर वाट बघत उभी होती. तिला वाटलं, हीच पद्धत असेल.

थंडीच्या अधिवेशनाच्या दिवशी थोरल्यांच्या दारासमोर अर्धं गाव जमलं होतं. या वेळी मोठा सौदा होता. तिसऱ्या पुलाचा पुढचा हप्ता, बदल्यात कुठल्याशा तळ्याकाठच्या शाळा बंद करायला हात. धाकटा होता, व्यवस्थापक हार घेऊन होते, मावशी टोपली खाली ठेवून उभ्या होत्या. लांबवर अर्धा पूल दिसत होता. नदीच्या मध्यावर येऊन तो, पुढे काय करायचं ते न सुचल्यासारखा, थांबला होता.

टेकूने मोटारीचं दार उघडलं. थोरले उंबऱ्यात खुर्चीवर बसले होते, कोट, भांग, बूट सगळं जागच्या जागी. ताई घरातून बाहेर आली, पायरीवर त्यांच्यासमोर खाली बसली, आणि त्यांच्या बुटाची नाडी सोडू लागली.

"सैल झालीय का?" टेकूने आदबीने विचारलं.

"नाही," ताई म्हणाली. तिने डावा बूट काढून बाजूला ठेवला. मग उजव्याला हात घातला. "बाबा येणार नाहीत."

"आज नाहीत?"

"आजही नाहीत, आणि या अधिवेशनात एकही दिवस नाहीत."

टेकूच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्याच्या मागचा माणूस निघून गेला. "ताई, ज्येष्ठता मोडेल."

"मोडू दे."

"अगं, वेड लागलं का तुला?" धाकटा पुढे झाला. "सगळ्या गावासमोर? घरातलं घरात बोल ना!"

"घरात बोलून बघितलं, भाऊ. घरात तू मिठाई आणतोस."

मावशी म्हणाल्या, "ताई, पण आमचा पूल गं? अर्धाच राहिला की. तुला काय, तू पगारदार. आमची गिऱ्हाइकं पलीकडच्या वस्तीतली."

"मावशी, दोन पूल आहेत पलीकडे जायला."

"आहेत, पण..." मावशींनी शब्द शोधला. सापडला नाही तेव्हा चिडून म्हणाल्या, "पण आपला होता ना तो!"

ताई उठून उभी राहिली. तिला भाषण येत नव्हतं. घरात भाषणं करणारे दुसरे होते. "हा हात मी बरा केला," ती म्हणाली. "चमचा धरता यावा म्हणून. तोंड पुसता यावं म्हणून. मला वाटायचं, तुम्हाला आनंद झाला तो बाबांचा हात उठला म्हणून. तिकडे एक पोर गाडीत मेली. तिच्या दवाखान्यावर ज्याने हात वर केला, त्याला आपण आत्ता चहा प्यायलो की नाही तेसुद्धा आठवत नाही. मग तो हात कुणाचा? टेकूचा एकट्याचा नाही. टिचकी शिकवली मी. टाळ्या वाजवल्या तुम्ही. तेवढं आपलं आपण वाटून घेऊ. बाबांना सोडा आता. ते म्हातारे आहेत."

 व्यवस्थापकांनी हार या हातातून त्या हातात घेतला. मोटारीच्या चालकाने, जो कुणाच्याच बाजूचा नव्हता, इंजिन बंद केलं.

"लोकहो, ताई दमल्यात," टेकू गर्दीकडे वळून म्हणाला. आवाज गोडच, पण चिरलेला. "थोरल्यांना काही झालेलं नाही. तब्येत ठणठणीत आहे. स्वतःच्या डोळ्यांनी बघा!" आणि कुणी अडवायच्या आत तो खुर्चीमागे गेला, वाकला, आणि त्याने कोपराखाली दोन टिचक्या मारल्या.

थोरल्यांचा हात उठला. बोटं हवेतली भिंत चढत चढत गेली. अनवाणी पाय पायरीवर, आणि हात आभाळात. सवयीने कुणी तरी टाळी वाजवली. एकच. ती ऐकून वाजवणाराच दचकला.

एरवी सभागृहात टेकू बाही ओढून हात खाली घेत असे. या वेळी त्याला ते सुचलं नाही. ताई गर्दीकडे बघत होती, कुणी पुढे होतंय का ते. गाव बघत होतं. धाकट्याने मान खाली घातली आणि बापाच्या बुटांकडे पाहत राहिला. तो हात तसाच वर राहिला.

थोरल्यांनी गर्दीवरून नजर फिरवली. मग मान वळवून मुलीकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले. दोन वर्षांत पहिल्यांदाच थोरले काही नवं बोलणार होते, आणि अर्धं गाव कान देऊन पुढे झुकलं.

"खाली घेऊ का?" ते म्हणाले. "नाक खाजतंय."